मागच्या आसाचा काटकोन

तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे केळीचे आणि यंत्रमागाचे गाव असल्यामुळे तेथील रस्त्यांवर मालवाहू पिकअप गाड्यांची वर्दळ बारमाही असते, आणि शाहपूर किंवा इच्छापूरच्या बाजूने घडांनी भरलेली गाडी शेतरस्त्याच्या काळ्या मातीतून डांबरी सडकेवर चढते तेव्हा तिच्या मागच्या कमानींवर जो भार पडतो, त्यावरच कमानी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचा धंदा चालतो. या कारागिरांकडे येणारी नेहमीची मागणी गाडी उचलण्याची असते, म्हणजे बसलेल्या कमानीत एखादा जादा पाटा घालून मागची बाजू दोन-तीन बोटे वर घेण्याची. याच्या नेमकी उलट मागणी, म्हणजे जुनी, हौसेने जपलेली पिकअप जमिनीकडे झुकवून बसकी करण्याची, या भागात विरळाच. तरीही यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत, कारण गाडी उचलली काय किंवा बसवली काय, दोन्ही वेळा मागच्या आसाची चेसिसशी ठरलेली जागा हलते, आणि उंचीपेक्षा ही जागाच अधिक महत्त्वाची असते.

मागचा आस, ज्याला गॅरेजमध्ये हौसिंग असेही म्हणतात, तो या गाड्यांत दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध नळीसारखा भाग असतो, आणि त्याला गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे चेसिसशी, धरून ठेवणारी वस्तू कमानीखेरीज दुसरी कोणतीही नसते. कमान म्हणजे पोलादी पाट्यांची चळत; तिच्यातला सर्वांत लांब पाटा मुख्य, त्याची दोन्ही टोके गोल वळवून त्यांत बुश बसवलेले असते, त्यांपैकी पुढचे टोक चेसिसला पक्के आणि मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला अडकवलेले असते, कारण भार आल्यावर कमान सरळ होताना लांबते आणि त्या लांबीला जायला वाट हवी असते. सगळ्या पाट्यांच्या मधोमध आरपार जाणाऱ्या बोल्टला सेंटर बोल्ट म्हणतात; त्याचे गोल डोके आसावरील बैठकीच्या भोकात बसते आणि आसाची जागा ठरवते, तर दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट आस आणि कमान यांना एकमेकांवर आवळून धरतात. सेंटर बोल्ट जागा दाखवतो आणि यू-बोल्ट पकड देतात, ही वाटणी ध्यानात घेतली की पुढचे बहुतेक दोष आपोआप उलगडतात: यू-बोल्ट ढिले पडले की जी ओढ त्यांनी सोसायची ती बोटाएवढ्या सेंटर बोल्टवर येते, तो कापला जातो, आणि भरलेली गाडी एखाद्या खड्ड्यातून उसळली की आसाचे एक टोक आपल्या जागेवरून मागे किंवा पुढे सरकते.

गाडी बसकी करण्याचा मार्ग कोणता घ्यायचा, हे कमान आसाच्या वर आहे की खाली, यावर ठरते. महिंद्र कंपनीने १९४९ पासून भारतात जोडणी सुरू केलेल्या विलीज जातीच्या जीपमध्ये कमान आसाच्या खालून जाते, म्हणून तिच्यात आस आणि कमान यांच्यामध्ये पोलादी ठोकळा घातला की आस चेसिसकडे वर जातो आणि गाडी ठोकळ्याच्या जाडीएवढी खाली येते. नंतरच्या बहुतेक मालवाहू पिकअपमध्ये कमान आसाच्या वर असते, तेथे तोच ठोकळा गाडी उचलतो. अशा गाडीला बसवायचे तर आस कमानीच्या वर घ्यावा लागतो, आणि एवढ्या एका बदलाने उतरणारी उंची ही आसाच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या चळतीची जाडी इतकी, म्हणजे नळी ७५ आणि चळत ५० मिलिमीटरची धरली तर तब्बल १२५ मिलिमीटर भरते. तिसरा मार्ग पाटे कमी करण्याचा किंवा त्यांचे वळण उतरवून घेण्याचा. तो स्वस्त, म्हणून लोकप्रिय. पण एक पाटा काढल्याने त्याच्या वाट्याचा भार उरलेल्या पाट्यांवर पडतो, आणि भट्टीत तापवून वळण उतरवलेल्या पाट्याला पुन्हा नीट पाणी दिले नाही, म्हणजे ठरावीक तापमानावरून तेलात बुडवून आणि नंतर पुन्हा मंद तापवून त्याचा लवचीकपणा परत आणला नाही, तर तो थोड्याच दिवसांत लुळा पडतो किंवा तडकतो. शिवाय गाडी खाली आली म्हणजे डिफरन्शियलचा गोळा जमिनीजवळ येतो, हा सार्वत्रिक समज खरा नाही. तो गोळा आसाबरोबर चाकांवर उभा असल्यामुळे त्याचे जमिनीपासूनचे अंतर टायरच्या मापावर ठरते, आणि खाली येतात ते चेसिस, सायलेन्सर आणि गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी.

कमान सरळ होताना लांबते, तेव्हा आसही मागे सरकतो, आणि हे सरकणे किती, याचा हिशेब सोपा आहे. १२०० मिलिमीटर लांबीच्या आणि ७५ मिलिमीटर वळण असलेल्या कमानीचे वळण पूर्ण उतरले तर तिच्या दोन टोकांमधील अंतर सुमारे १२ मिलिमीटरने वाढते, आणि आस मध्यावर असल्यास तो त्याच्या निम्म्याने, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर मागे जातो. दोन्ही बाजू सारख्याच उतरल्या तर आस समांतरच मागे जातो आणि काही बिघडत नाही. एक बाजू पूर्ण चपटी आणि दुसरी तिसऱ्या हिश्शाने बसलेली असली, तरीही दोन टोकांतला फरक तीन मिलिमीटरच्या आतच राहतो. म्हणून आस यापेक्षा अधिक तिरका सापडला तर दोष नुसत्या बसलेल्या कमानीवर ढकलणे चुकीचे ठरते. अशा वेळी कापला गेलेला सेंटर बोल्ट, झिजून सैल झालेले भोक, खचलेले बुश, किंवा डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळ्या जागी भोक पाडून लावलेला हलका ठोकळा, यांपैकी काहीतरी कारण शोधावे लागते.

आस तिरका झाल्याची खूण मागून येणाऱ्या चालकाला आधी दिसते, कारण अशी गाडी सरळ रस्त्यावर अंग तिरके करून चालते. आसाचे डावे टोक मागे सरकले असेल तर मागची चाके गाडीचे मागचे टोक डावीकडे रेटतात, चालकाला स्टिअरिंग किंचित डावीकडे धरून ठेवावे लागते आणि गाडीचे मागचे अंग डाव्या बाजूला राहते. दोन कमानींमधील अंतर एक मीटर धरले तर ६ मिलिमीटरचे सरकणे म्हणजे अंशाचा साधारण तिसरा हिस्सा. ऐकायला क्षुल्लक, पण २७०० मिलिमीटर चाकांतर असलेल्या गाडीचे मागचे अंग त्यामुळे पुढच्या चाकांच्या रेषेपासून सुमारे १६ मिलिमीटर बाजूला चालते. येथे एक गैरसमज हमखास घडतो. स्टिअरिंग वाकडे राहते म्हणून गाडी पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटला नेली जाते, पुढचे टायरॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिले जाते, आणि मालक समाधानाने परततो. वास्तविक मागचा आस होता तसाच तिरका असतो, फक्त त्याची तक्रार करणारी एकमेव खूण पुसली गेलेली असते. मागच्या आसाचे माप न घेता पुढची चाके सरळ करणे हे काम नुसते अपुरे नाही, ते पुढच्या कारागिराची वाट चुकवणारे आहे.

हे माप घेण्यासाठी महागडे यंत्र असलेच पाहिजे असे नाही; गवंड्याचा ओळंबा, खडू लावलेली दोरी, पोलादी टेप आणि सपाट फरशी एवढ्यावर ते भागते, मात्र घाई चालत नाही. गाडी रिकामी, चारही टायरांत सारखी हवा, आणि थोडी पुढे-मागे ढकलून कमानी मोकळ्या केलेल्या अशा अवस्थेत उभी करावी. चेसिसच्या दोन्ही बाजूंना कारखान्याने पाडलेली, एकमेकांसमोर येणारी दोन भोके पुढच्या बाजूला निवडावीत, त्यांतून ओळंबे सोडून फरशीवर खूण करावी. तसेच मागच्या आसावर दोन्ही बाजूंना सारख्या जागी, उदाहरणार्थ कमानीच्या बैठकीच्या बाहेरच्या कडेवरून, ओळंबे सोडावेत. मग गाडी बाजूला सारली की फरशीवर चार खुणांचा एक चौकोन उरतो, आणि मोजायचे ते या चौकोनालाच. डाव्या आणि उजव्या बाजूंची लांबी वेगळी आली तर आस फिरला आहे. बाजू सारख्या पण दोन कर्ण वेगळे आले तर आस काटकोनात आहे, तो नुसता एका बाजूला सरकला आहे. एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब अशा चौकोनात आस १० मिलिमीटर बाजूला गेला तर कर्णांमध्ये सुमारे ९ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे टेप ताणून धरणाऱ्या दोघांना तो सहज दिसतो. हे सगळे करण्याआधी चेसिसचाच चौकोन याच रीतीने तपासून घेणे आवश्यक आहे, कारण उसाच्या किंवा केळीच्या जादा भाराने वाकलेल्या चेसिसला आस काटकोनात बसवला तरी गाडी सरळ चालत नाही.

अमेरिकेत जुन्या पिकअप बसक्या करण्याची हौस फार जुनी आहे, आणि तेथे हा बाजूला सरकण्याचा दोष वेगळ्या कारणाने उद्भवतो. १९६० ते १९७२ या काळातील शेव्हरोले सी-१० या पिकअपच्या बहुतेक नमुन्यांत मागे कमानींऐवजी वेटोळ्या स्प्रिंगा आणि दोन लांब दांडे असत; आस आडवा हलू नये म्हणून त्याचे एक टोक एका आडव्या दांड्याने चेसिसला बांधलेले असे, ज्याला पॅनहार्ड दांडा म्हणतात. चेसिसकडचे टोक स्थिर राहून आस वर गेला की दांड्याचे दुसरे टोक वर्तुळाच्या कमानीत फिरते आणि आसाला एका बाजूला ओढते: आधी आडवा असलेला अर्धा मीटर लांबीचा दांडा १०० मिलिमीटरने तिरका झाला तर ही ओढ सुमारे १० मिलिमीटर होते. त्यावर उपाय म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा लावणे किंवा त्याच्या टोकाची जागा उंच-सखल करणे.

काटकोन साधल्यावरही एक कोन उरतो. गिअरबॉक्सकडून आसाकडे फिरत जाणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस नावाचे सांधे असतात. एका सांध्यातून वाकून जाणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते, आणि दुसऱ्या सांध्याचा कोन पहिल्याएवढा असेल तरच हे चढउतार एकमेकांना पुसून टाकतात. आस वर सरकला किंवा कमानीचे वळण बदलले की हे दोन कोन विषम होतात, आणि ठरावीक वेगाला पायाखालची फरशी थरथरू लागते. त्यासाठी आस आणि कमान यांच्यामध्ये दोन-तीन अंशांची पाचर, म्हणजे एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ अशी पोलादी पट्टी, बसवून आसाचे तोंड वर किंवा खाली वळवतात. पाचर दोन्ही बाजूंना एकाच दिशेने जायला हवी, हे सांगण्याची गरज पडू नये. तरी गॅरेजमध्ये ती उलटी लागलेली आढळते.

ब्रेकचा प्रश्न मात्र कोणी काढत नाही, आणि सर्वांत गंभीर तोच आहे. अनेक मालवाहू गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते, तिची दांडी चेसिस आणि आस यांच्यामधील अंतर वाचते: अंतर कमी म्हणजे गाडी भरलेली, म्हणून मागच्या चाकांना दाब जास्त, अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, म्हणून दाब कमी. बसक्या केलेल्या रिकाम्या गाडीला ही झडप भरलेली समजते, आणि पावसाळ्यात ओल्या सडकेवर जोराने ब्रेक लावला की मागची चाके जागच्या जागी थांबून गाडी फिरते. केळीच्या भारासाठी जादा पाटे घालून उचललेल्या गाडीत नेमके उलटे घडते. गाडी भरलेली असूनही झडप तिला रिकामी धरते आणि असीरगडाच्या उतारावर सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. दोन्ही कामांत झडपेची दांडी नव्या उंचीला जुळवून घेणे सक्तीचे मानले पाहिजे.

कायद्याची चौकटही तपासावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ ठामपणे मांडला. २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी झालेल्या नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली वाहनेच धरली आहेत. चेसिसमध्ये बदल केलेले वाहन त्यातून वगळले जाते. त्यामुळे आस वर घेतल्यावर त्याला उसळायला जागा मिळावी म्हणून चेसिसची पट्टी कापून खाच काढणे, हे जुन्या गाडीच्या मालकाला केवळ पोलादाच्या बळाच्या दृष्टीनेच महाग पडत नाही.

जोडणीच्या शेवटी जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत, कारण एकदा पूर्ण ताणलेल्या बोल्टाचे आटे पुन्हा तीच पकड देत नाहीत. बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना घट्ट केले तर ती जमिनीवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते, म्हणून ते चाकांवर वजन आल्यावरच आवळावेत. आणि पहिली भरलेली खेप उतरवल्यानंतर गाडी पुन्हा त्याच फरशीवर आणून यू-बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने कसावेत आणि चारही ओळंबे पुन्हा सोडावेत.