घराच्या मापाची काठी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, या टेबलावर मी तीन वस्तू आणून ठेवल्या आहेत. एक बांबूची काठी, दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेला एक चमचा, आणि चौपदरी घडी घालून शिवलेलं एक जुनं लुगडं. व्याख्यान झाल्यावर त्या हातात घेऊन पाहा. आज बोलायचं आहे ते या वस्तूंबद्दल आणि ज्या बायका त्या रोज वापरतात त्यांच्याबद्दल.

मी व्यवसायोपचार करते. नाव ऐकून पुष्कळांना वाटतं, ही बाई रोजगार मिळवून देत असेल. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. अंघोळ, जेवण, कपडे घालणं, परसाकडे जाणं, चूल पेटवणं, म्हणजे दिवसभर माणूस ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. आजारपणाने किंवा अपघाताने ही कामं हातची गेली, तर ती परत कशी आणायची हे आम्ही पाहतो. आपल्या देशात हे शिक्षण पहिल्यांदा सुरू झालं ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, १९५० साली. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने आणि कामाने इथल्या. फलटणच्या बनबिहारी निंबकरांच्या त्या आई. इतकं मोठं काम करूनही आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

आता मी जिथे काम करते, त्या डहाणू-तलासरीकडे येते.

तलासरीच्या एका पाड्यावर मी एका घरी गेले होते. घरधनी पन्नाशीचा. उमेदीची वर्षं गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून काढलेली. एके पहाटे अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली. सीमेपलीकडच्या एका रुग्णालयात उपचार झाले, घरी सोडताना व्यायामाचा कागदही मिळाला. तो गुजरातीत होता आणि घरात वाचणारं कुणी नव्हतं. पण खरी अडचण कागदाची नव्हतीच. रुग्णालयात त्याला पलंगावरून खुर्चीत जायला शिकवलं होतं. पलंग दीड फूट उंच, खुर्चीही तेवढीच. घरी ना पलंग होता ना खुर्ची. घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, वळचण इतकी खाली की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बसणं जमिनीवर, निजणं जमिनीवर, जेवण जमिनीवर. जमिनीवरून उठायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणाऱ्यांनी त्याचं घर पाहिलेलं नव्हतं. त्यांचा दोष काढत नाही, कारण तोवर मीही तसंच शिकवत होते.

बायको त्याला काखेत हात घालून उचलायची. अशा माणसाला काखेतून किंवा लुळ्या हाताला धरून ओढलं, तर खांद्याचा सांधा सैल होऊन खाली उतरतो आणि मग रात्रंदिवस ठणकत राहतो. तिची स्वतःची कंबरही धरली होती. मी म्हटलं, आधी याला गुडघ्यांवर आणू, समोर आधाराला काहीतरी ठेवू. मी स्टूल मागितलं. ती आत गेली आणि लाकडी उखळ ढकलत घेऊन आली. म्हणाली, स्टूल उलटतं, हे उलटायचं नाही. अगदी बरोबर होतं तिचं. उखळ जड, बुंध्याशी रुंद आणि उंची हवी तेवढीच. त्याने डावा हात उखळाच्या काठावर टेकला, डावा पाय पुढे घेऊन पाऊल रोवलं. ती त्याच्या मागे, लुळ्या बाजूला उभी राहिली. कमरेला बांधायला हेच, टेबलावरचं लुगडं. पकड या पट्ट्याला, हाताला नाही. एक, दोन, तीन म्हटलं आणि तो उभा राहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभा राहिलेला माणूस आधी दाराबाहेर पाहतो, हे मी पुष्कळ घरांतून पाहिलं आहे. त्यानेही तेच केलं.

परत येताना मला कोसबाडची टेकडी आठवत होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. बालशिक्षणाची माँटेसरी पद्धत त्यांनी मनापासून पत्करली होती, पण तिची साधनं महागडी. वारली पोरांसाठी ती आणायची कुठून? त्यांनी पानं घेतली, बिया घेतल्या, खडे घेतले, शिंपले घेतले. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. ही फक्त काटकसर होती असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालीन. मुलाच्या हाताला जी वस्तू आधीपासून ओळखीची आहे, तिच्यापासून शिकणं सुरू करायचं, हा त्यामागचा विचार होता. बालवाडीसाठी या मातीत हे होऊन गेलं आहे. शुश्रूषेसाठी मात्र आपण अजून गाडीत भरून आणलेल्या वस्तूंचीच वाट पाहतो.

अशा वाटपात मिळालेली एक व्हीलचेअर मी डहाणू तालुक्यात पाहिली. तिच्यावर भाताची पोती रचली होती. घरच्यांनी आळस केला असं समजू नका. खुर्चीची रुंदी सुमारे पंचवीस इंच आणि घराचं दार दोन फुटांचं. अंगणात उंबराच्या मुळ्या. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पायवाट, तीही उताराची. चार पायांची काठी मिळालेली माणसं तर मला ठिकठिकाणी भेटतात. लादीवर ती काठी उत्तम. सारवलेल्या उंचसखल जमिनीवर तिचे तीनच पाय टेकतात, चौथा अधांतरी राहतो आणि भार टाकला की काठी डुगडुगते. सरकारची मदत नको असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, आपल्या राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्या गरजू ज्येष्ठांना साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात. ते जरूर घ्यावेत. पण वस्तू देण्याआधी कुणीतरी फूटपट्टी घेऊन त्या घरात जायला हवं. दार मोजायला हवं, उंबरठा मोजायला हवा, आणि माणूस उभा करून त्याचा हात मोजायला हवा.

काठीचं माप सोपं आहे. माणसाने सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाची रेघ जिथे येते, तिथे काठीची मूठ यावी. त्यापेक्षा उंच काठी खांदा वर ढकलते, आखूड काठी कंबर वाकवते. काठी धरायची ती धडक्या बाजूच्या हातात, अधू बाजूच्या नाही. इथे दहातली आठ घरं चुकतात. पायरी चढताना आधी धडका पाय टाकायचा, उतरताना आधी अधू. टेबलावरची काठी ज्याने केली तो टोपल्या, सुपं आणि कणग्या विणणारा माणूस. मी त्याला माप दिलं, बाकीचं त्याने मला शिकवलं. बांबू भरीव घ्यायचा. तोडल्यावर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा म्हणजे कीड लागत नाही. आणि खालचं टोक नेहमी गाठीशी तोडायचं. पेराच्या मध्ये तोडलं तर भार आल्यावर बांबू उभा चिरतो. टोकाला त्याने जुन्या टायरचा तुकडा बसवला. याच माणसाने पुढे एका अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोन आडवे बांबू समांतर बांधून दिले. दोन्ही हातांनी धरून चालायचा सराव करायला रुग्णालयात लोखंडी दांड्या असतात, तेच हे.

वस्तूंपेक्षा कौशल्य महत्त्वाचं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याची गणती होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर जखमा होतात. माकडहाड, टाचा, खुबे ही त्यांची ठिकाणं. पुस्तकात लिहिलेलं असतं, कातडी लाल झाली का पाहा. आता सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. एका आजीने मला दाखवलं, ती हाताची पालथी बाजू सुनेच्या माकडहाडावर ठेवते. बाजूच्या कातडीपेक्षा तिथे गरम लागलं, टणक किंवा पिचपिचीत लागलं, की त्या जागेवर भार येईल असं त्या दिवशी झोपवायचं नाही. काळोखातही ही तपासणी होते. त्या दिवसापासून मी ती आशा कार्यकर्त्यांना याच पद्धतीने शिकवते.

तीच गोष्ट भरवण्याची. वारं गेलेल्या माणसाला सगळ्यात धोका पाण्याचा असतो. घशाचे स्नायू मंद झालेले, पाणी धावतं, आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागतो, कधी ठसकाही लागत नाही आणि आठवड्याने न्यूमोनिया होतो. म्हणून आडवं ठेवून कधीही पाजायचं नाही. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित छातीकडे, लहान चमचा, गिळलेलं पाहूनच पुढचा घास, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. पातळ पेजेपेक्षा नागलीची दाट आंबील सुरक्षित. शहरात यासाठी डब्यातली पूड विकत घेतात. इथे नागली आहे. आणि बोटांची पकड थोडी परतली की चमचा त्याच्याच हातात द्यायचा. बारीक दांडा सुटतो, म्हणून ही ट्यूब.

तरुण माणसांबद्दलही बोललं पाहिजे. आपल्या आदिवासी समाजात सिकलसेल आहे. या आजारात रक्तपुरवठा अडून मांडीच्या हाडाचं डोकं मरत जातं आणि पंचवीस-तीस वर्षांच्या मुलामुलींना उकिडवं बसता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलची नोंद आहे, ते चांगलंच झालं. पण ज्या मुलीला उकिडवं बसता येत नाही तिने शौचालयात काय करायचं? ती कमी खाते, कमी पाणी पिते. सिकलसेलमध्ये पाणी कमी पिणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मधोमध कापली, कडा घासून त्यावर ट्यूब चढवली आणि खुर्ची भांड्यावर ठेवली, की हा प्रश्न सुटतो. अर्ध्या तासाचं काम आहे. पण आधी त्या मुलीला कुणीतरी हे विचारायला लागतं आणि ते विचारायला बाईच लागते.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते तुम्हाला माहीत आहे. लोक थंडीत अंगणात, तंबूंत झोपले. चालती माणसं बाहेर धावली. न चालणाऱ्यांचं काय झालं, हे त्या वेळी मी घरोघर विचारत फिरले. एका घरात सून एकटी, सासरा अंथरुणावर. पहिल्या धक्क्याला ती त्याला उचलायला गेली आणि दोघंही पडली. मग आम्ही दोघींनी सराव केला. अंथरुणाखाली कायम एक जाड गोधडी. डोक्याकडची दोन टोकं मुठीत घट्ट पिळून धरायची, म्हणजे डोकं आपोआप उचललं जातं, आणि पाठमोरं चालत ओढत न्यायचं. सारवलेल्या जमिनीवर गोधडी सरकते. उंबरठ्यापाशी तेवढं अडतं, तिथे तिने मातीचा उतार घातला. त्याचं अंथरुण आतल्या भिंतीपासून हलवून दाराजवळ आणलं. पुढचे धक्के आले तेव्हा ती सासऱ्याला घेऊन बाहेर आली, एकटी.

दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, बोटींवर माणसं जातात. मागे राहतात म्हातारी, लेकरं आणि न चालणारी माणसं. त्यांचं करायला घरातली एक कुणीतरी मागे थांबते, बहुतेक वेळा दहावीपर्यंतसुद्धा न पोचलेली मुलगी. तिची मजुरी बुडते, शाळा सुटते, आणि घरी बसून आहे असं तिच्याबद्दल बोललं जातं. दोन तासांनी कूस बदलणारी, घास मोजून भरवणारी, पालथ्या हाताने कातडी वाचणारी मुलगी बसून नसते. शहरात याच कामाला बारा तासांची पाळी म्हणतात आणि त्याचे पैसे देतात. या मुलींना शिकवलं पाहिजे, त्या शिकल्याचा कागद दिला पाहिजे आणि पाड्यातल्या पाच घरांचं काम पगारी दिलं पाहिजे. केरळात शेजारपाजारचे लोक शिकून अंथरुणावरच्या माणसांची काळजी घेतात. ते काम १९९० च्या दशकात कोळिकोडला सुरू झालं आणि गावोगाव पसरलं. डहाणूतल्या ज्या टेकडीवरून अंगणवाडीचा विचार देशभर गेला, तिथे हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये.

त्या खलाशाच्या घरी मी गेल्या महिन्यात गेले होते. तो काठी घेऊन विहिरीपर्यंत जातो. उखळ अजून तिथेच आहे, पण त्याच्या काठावर आता बांबूची एक आडवी मूठ बांधलेली दिसली. मी ती सांगितलेली नव्हती. बायको म्हणाली, काठ रुंद होता, बोटं घसरायची. तिनेच शेजाऱ्याकडून बांधून घेतली. मी वहीत त्या मुठीचं माप उतरवून घेतलं.