नगरांची हवा आणि जनांचे आरोग्य



अन्नावाचून मनुष्य काही आठवडे, पाण्यावाचून काही दिवस तग धरतो. हवेवाचून मात्र काही मिनिटेच. तरीही अन्नपाण्याच्या शुद्धतेविषयी जेवढी दक्षता असते, तेवढी श्वासाविषयी नसते.

१९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत, लंडन नगर काळसर पिवळ्या धुक्यात बुडाले. थंडी कडाक्याची आणि वारा पडलेला. त्यामुळे घरोघरच्या शेगड्यांतील व वीजकेंद्रांतील दगडी कोळशाचा धूर जमिनीलगतच कोंडून राहिला. बसगाड्या थांबल्या. नाट्यगृहात धुके शिरून संगीतिकेचा प्रयोग मध्येच बंद करावा लागला. पुष्कळांना ती केवळ गैरसोय वाटली. पुढे मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ४,००० माणसे अधिक दगावल्याचे उघड झाले. नंतरच्या संशोधकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. बळी पडले ते मुख्यतः वृद्ध, अर्भके आणि छातीचे रोगी.

आजचे विष बहुधा दिसतही नाही. वाहने व कारखाने यांतून निघणारे, अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कण फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात आणि दम्यासह हृदयविकार व पक्षाघात यांनाही कारण होतात. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दूषित हवेची गणना कर्करोगकारकांत केली.

ब्रिटनने १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा केला, धूरविरहित इंधनाचे विभाग आखले, शेगड्या बदलण्यास अनुदान दिले. दारे-खिडक्या लावून एकट्याचा बचाव होत नसतो. देवळाच्या तळीचे पाणी सर्वांच्या शिस्तीनेच निर्मळ राहते. हवेचेही तसेच आहे.