सफ्फूरियाचा दुकानदार कवी
(युवा शिबिरात केलेलं भाषण)



आज आम्ही एका कवीबद्दल बोलणार आहोत. कवी म्हटलं की मागं बसलेली पोरं हळूच उठतात, हे माहीत आहे. पण थोडं थांबा. हा कवी चारच वर्षं शाळेत गेलेला, आणि पोटासाठी त्यानं जन्मभर दुकान चालवलं. नाव ताहा मुहम्मद अली. पॅलेस्टाइनच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाला गॅलिली म्हणतात. तिथल्या सफ्फूरिया गावात तो १९३१ साली जन्मला. चार हजारांवर वस्तीचं गाव, डाळिंबांसाठी नावाजलेलं. आणि ऑलिव्हची झाडं. आपल्याला जसा मोह, तसं त्यांना ते झाड. तेल त्याचंच, आजोबानं लावलं की नातवानं खायचं.

१९४८ च्या जुलैत, रमजानच्या महिन्यात, संध्याकाळी उपास सोडायच्या वेळेला विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. लोक हाताला लागेल ते घेऊन पायी लेबनॉनकडे निघाले. ताहा तेव्हा सतरा वर्षांचा होता. वर्षभरानं त्याच्या घरची माणसं लपतछपत परत आली, पण गावात जायला बंदी. मग सहा-सात किलोमीटरवर नाझरेथ शहरात राहिली. ज्या मुलीशी त्याचं लग्न व्हायचं होतं, ती तिकडं लेबनॉनच्या छावणीतच अडकली.

१९५० मध्ये इस्राएल सरकारनं कायदा केला, की गैरहजर मालकांची जमीन सरकारी ताब्यात. आता ही माणसं तर तिथंच होती, टेकडीवरून आपलं शेत बघत होती! तर त्यांना नाव पडलं 'हजर-गैरहजर'. हसू नका. आपण पिढ्यान् पिढ्या कसतो त्या जमिनीवर आपल्यालाच 'अतिक्रमणदार' लिहितात, ते काय वेगळं आहे?

पुढं गावाच्या जागेवर एका संस्थेनं पाइनची झाडं लावली. पडक्या घरांवर, अंगणांवर जंगल उभं केलं. आमच्याकडं कसत्या प्लॉटवर सागाचं रोपवन घातलं होतं, म्हणून हे ऐकल्यावर आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

ताहानं नाझरेथमध्ये यात्रेकरूंना आठवणीच्या वस्तू विकायचं दुकान टाकलं. दिवसा दुकान, रात्री वाचन. मोठमोठ्या अरबी कवींची पुस्तकं, इंग्रजीसुद्धा, सगळं स्वतःच शिकला. पहिलं पुस्तक निघालं १९८३ साली, पन्नाशी उलटल्यावर.

आम्हाला अरबी येत नाही. एका साथीनं इंग्रजीवरून समजावलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा आम्ही नाराज झालो. एवढा अन्याय झाला आणि याच्या कवितेत घोषणा नाही, लढाई नाही? त्यात गावातली माणसं, जनावरं, खाणंपिणं, म्हातारे सांगायचे तसे गमतीचे किस्से. एका कवितेत भोळा, अडाणी गावकरी आहे. सगळी मोठी सत्ता त्याच्या विरोधात, पण तेच सैनिक दारी आले तर तो त्यांना जेवू घालील असा. पुस्तकी भाषेत मधूनच गावची बोली. आम्हाला हे उशिरा उमगलं, की नकाशावरून गेलेलं गाव हा माणूस बोलण्यातून परत बांधत होता, एकेक घर, एकेक माणूस करून. आजी कशी बोलायची हे कुणाच्या सरकारी दप्तरात नसतं. ते त्याच्यापाशी होतं.

तिकडं शेताच्या बांधाला निवडुंग लावायची रीत होती. घरं पाडली, पाइन लावले, तरी निवडुंग मधूनमधून फुटतो. त्याच्यावरून जाणती माणसं सांगतात, बांध इथून गेला होता.

परवा एका पाड्यावर हे सगळं सांगत होतो. एका आजीनं मधेच विचारलं, "मग त्याला जमीन मिळाली का?" आम्ही म्हटलं, नाही आजी, २०११ साली वारला, तोवर नाही मिळाली. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुमच्या त्या दाव्याच्या कागदात म्हाताऱ्यांचा जबाब चालतो ना? मग माझं आत्ताच लिहून घ्या."

कंदील जवळ ओढला. तिनं जुन्या गावठाणापासून सुरुवात केली. उंबराखालचा पाणवठा, तिच्या सासऱ्याला पुरलं ती जागा, वाघदेव, खळं, मग ओढ्यापलीकडची तीन घरं, त्यात कोण कोण राहायचं ते. रात्री अकरापर्यंत वहीची नऊ पानं झाली. अजून खालचा पाडा राहिलाय.