पुलगावच्या प्रभाताई

जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून आलेल्या सरपंच, नगरसेविका, जिल्हा परिषद सदस्य भगिनींनो,

पाहुणे आले की वर्ध्यात गांधीजी आणि विनोबांचे नाव निघतेच. आज स्वागत समिती आणखी एक नाव मुद्दाम घेते आहे: प्रभाताई राव.

1972 साली याच जिल्ह्यातल्या पुलगाव मतदारसंघाने त्यांना विधानसभेवर निवडून दिले. त्याच वर्षी राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारनेच विकत घेण्याची योजना, सुरू झाली. त्या काळात कापूसपट्ट्यातल्या आमदाराच्या दारी येणारा शेतकरी बोलायचा तो काट्यावरच्या मापाबद्दल, ग्रेडबद्दल आणि अडकलेल्या चुकाऱ्यांबद्दल. राज्यशास्त्र आणि संगीत या दोन्ही विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या प्रभाताईंना अशा मतदारसंघाने वारंवार निवडून दिले.

त्या राज्यमंत्री झाल्या, कॅबिनेट मंत्रीही झाल्या. पण स्वागत समितीला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे वाटते ते 1979 साल. शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार सत्तेत होते आणि विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद प्रभाताईंकडे होते. हाताशी खाते नाही, निधी नाही. अर्थसंकल्प वाचायचा, प्रश्न लावून धरायचे, मंत्र्याला उत्तर द्यायला लावायचे. आमदारकीचा कस लागतो तो इथेच. त्याच वर्षी त्यांच्यानंतर हे पद प्रतिभाताई पाटील यांच्याकडे गेले.

पराभवही त्यांच्या वाट्याला आले. 1999 मध्ये वर्ध्याने त्यांना लोकसभेत पाठवले आणि 2004 मध्ये नाकारले; त्याच वर्षी त्यांनी प्रदेश काँग्रेसची धुरा हाती घेतली. 2008 मध्ये त्या हिमाचल प्रदेशच्या राज्यपाल झाल्या, पुढे राजस्थानच्या. 26 एप्रिल 2010 रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

स्त्रिया निवडून देणे या जिल्ह्याला नवे नाही. 1990 मध्ये शेतकरी संघटनेच्या सरोज काशीकरही येथूनच विधानसभेत गेल्या.

2024 मध्ये मात्र जिल्ह्यातल्या आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा या चारही जागांवर पुरुषच निवडून आले. 288 जणांच्या सभागृहात त्या निवडणुकीत स्त्रिया आल्या 21. याउलट, स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्याने ग्रामसभा, ठराव, अंदाजपत्रक आपण रोज हाताळता. भगिनींनो, पुढच्या विधानसभेसाठी आपापल्या पक्षाकडे उमेदवारी मागा, आणि ती या परिषदेतून परतल्याबरोबर मागा, ही स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.