परदेशीं निघालेला तरुण प्रचारक

शिक्षकाच्या आयुष्यांत निरोपाचे प्रसंग फार येतात. दरवर्षीं वरच्या वर्गांतील मुलें शाळा सोडून जातात, आणि मास्तर मात्र त्याच खुर्चीवर बसून पुढच्या मुलांची वाट पाहतात. घर सोडून निघालेल्या मुलाच्या चेहऱ्यावर उत्साह आणि भीति यांचें जें मिश्रण दिसतें, तें मीं पुष्कळदां जवळून पाहिलें आहे. त्यामुळें अमेरिकेंतील मॉर्मन पंथाविषयीं वाचतांना त्या पंथाच्या मतांपेक्षां त्यांतील तरुणांच्या प्रस्थानाकडेच माझें लक्ष अधिक वेधलें. त्या प्रस्थानाच्या तयारीविषयीं आज आपणांपुढें चार शब्द बोलण्याचा माझा विचार आहे.

प्रथम त्या पंथाची थोडी ओळख करून देतों. जोसेफ स्मिथ नांवाच्या तरुणानें १८३० सालीं न्यूयॉर्क राज्यांत हा पंथ स्थापन केला. 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हें त्याचें अधिकृत नांव. 'मॉर्मन' हें लोकांत रूढ झालेलें नांव 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथावरून पडलें. विरोधामुळें या लोकांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हलावें लागलें. १८४४ सालीं इलिनॉय राज्यांतील एका तुरुंगावर जमाव चालून गेला, आणि स्मिथ व त्यांचे बंधु हायरम यांस त्यानें ठार मारलें. पुढें १८४७ सालीं ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखालीं ही मंडळी युटाच्या ओसाड खोऱ्यांत येऊन राहिली. आजचें सॉल्ट लेक सिटी तें हेंच. या पंथांत गांवच्या मंडळीचा प्रमुख, ज्यास ते बिशप म्हणतात, तो पगारी पुरोहित नसतो. स्वतःचा चरितार्थाचा धंदा सांभाळून तो हें काम पाहतो. प्रचाराचें कामही असेंच बहुतांशीं घरोघरच्या मुलामुलींवर सोंपविलेलें आहे. २०२४ च्या अखेरीस अशा प्रचारकांची संख्या ७४,००० च्या वर होती.

मुलानें चोवीस महिने आणि मुलीनें अठरा महिने या कामास द्यावे, अशी तेथील रीति आहे. पूर्वीं मुलाचें वय निदान १९ असावें लागे. २०१२ सालीं ती अट १८ वर आणली गेली. जाण्याची इच्छा झाली कीं मुलगा प्रथम बिशपला भेटतो. बिशप व त्याच्या वरचा अधिकारी त्याच्या श्रद्धेविषयीं व आचरणाविषयीं एकांतांत प्रश्न विचारतात. डॉक्टर प्रकृति तपासतो, दंतवैद्य दांत पाहतो. मग कागदपत्रें मुख्य कचेरीकडे जातात, आणि घरांत वाट पाहण्याचे दिवस सुरू होतात.

कोणत्या देशीं जावें हें त्या मुलानें निवडावयाचें नसतें. पूर्वीं टपालानें एक मोठा पांढरा लखोटा येई; २०१८ पासून हें पत्र संगणकावर येऊं लागलें. परंतु तें उघडण्याचा सोहळा मात्र पूर्वींसारखाच राहिला. आजीआजोबा, मित्र, शेजारी जमतात. कोणी ब्राझीलचें नांव घेतो, कोणी जपानचें. मुलगा पत्र मोठ्यानें वाचूं लागतो, आणि देशाचें नांव आलें कीं त्याचा स्वर क्षणभर अडखळतो. आपल्याकडे परीक्षेचा निकाल वाचतांना मुलांचा असाच आवाज अडखळलेला मीं ऐकला आहे. भेद इतकाच कीं निकाल हा केलेल्या कामाचा असतो, आणि हें पत्र न केलेल्या कामाचें असतें.

मग बाहेरची तयारी सुरू होते. पांढरे सदरे, गळपट्टे, पुष्कळ चालतां येईल असे मजबूत बूट, आणि छातीवर लावावयाची नांवाची काळी पट्टी. पैशांची तजवीज शक्यतों मुलानें व त्याच्या कुटुंबानेंच करावयाची असते, म्हणून कित्येक मुलें लहानपणापासून मिळेल तें काम करून दोन पैसे बाजूला टाकतात. त्यानंतर प्रशिक्षण. युटांतील प्रोव्हो या गांवीं त्यासाठीं मोठी संस्था आहे. परकी भाषा शिकावयाची असेल तर थोड्याच आठवड्यांत ती बोलण्याइतकी शिकावी लागते. नेहमीं दोघांनीं मिळून राहावें, एकट्यानें फिरूं नये, हा कडक नियम आहे. आणि तो दुसरा सोबती कोण असावा हेंही मुलाच्या हातीं नसतें. ज्यानें घरीं कधीं सदऱ्याला इस्त्री केली नाहीं, त्यास आतां अनोळखी सोबत्याबरोबर स्वयंपाक करून जेवावयाचें असतें.

परंतु श्रोतेहो, खरी तयारी याहून कठीण आहे. मी त्या पंथाचा नव्हें, आणि दुसऱ्याचा धर्म पालटावा या खटाटोपाचा पुरस्कर्ताही नव्हें. अठरा वर्षांच्या मुलानें जगाला सत्य शिकवावयास निघावें, हें माझ्या शिक्षकी मनाला प्रथम धाडसाचें वाटलें. ज्या गांवांत बरोबरीचीं बहुतेक मुलें जातात, तेथें न जाणाऱ्या मुलाकडे लोक कोणत्या दृष्टीनें पाहतात? जो आजारानें किंवा मनाच्या खिन्नतेनें मध्येंच परत येतो, त्याची मान खालीं कां जावी? मी जातों तो माझ्या श्रद्धेनें कीं वडिलांच्या, हा प्रश्न निघण्यापूर्वींच्या रात्रीं त्या मुलाच्या मनांत येत असेल, तर तो मनाचा दुबळेपणा समजूं नये. माझ्या मतें तोच त्याच्या तयारीचा आरंभ होय.

या ठिकाणीं त्यांच्याच इतिहासांतील एक उदाहरण सांगतों. तुरुंगांत मारल्या गेलेल्या हायरम स्मिथ यांचा मुलगा जोसेफ एफ. स्मिथ. बाप गेला तेव्हां तो पांच वर्षांचा होता. १८५२ सालीं आईही गेली. शाळेंत मास्तर आपल्या धाकट्या बहिणीला चामड्याच्या पट्ट्यानें मारूं लागले, तेव्हां हा त्यांच्यावरच धांवून गेला, अशी गोष्ट तो पुढें स्वतः सांगे. मी मास्तर असूनही या बाबतींत त्या मुलाचाच पक्ष घेतों! अशा या पोरक्या, तापट मुलाला १८५४ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, प्रचारासाठीं हवाई बेटांवर धाडण्यांत आलें. तेथें तो आजारी पडला. तो ज्यांना शिकवावयास आला होता, त्यांच्यांतीलच एका बाईनें आपल्या झोंपडींत ठेवून पोटच्या मुलासारखी त्याची शुश्रूषा केली. तो त्यांची भाषा शिकला, आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथें राहिला. पुढें १९०१ ते १९१८ पर्यंत तो सगळ्या पंथाचा अध्यक्ष होता. उतारवयांत तो पुन्हा होनोलुलूस गेला असतां स्वागताच्या गर्दींतून एक आंधळी, थकलेली वृद्धा हातांत थोडीं केळीं घेऊन त्याला शोधीत आली. तीच ती बाई. त्यानें तिला मिठी मारली आणि तिला आई म्हणून हांक मारली, असें बरोबरच्या मित्रानें लिहून ठेवलें आहे.

ही गोष्ट वाचल्यावर माझी शंका पुष्कळशी निवळली. तो मुलगा द्यावयास गेला होता. परंतु आयुष्यभर जपलें तें त्याला तेथें मिळालेलें प्रेम. परक्याच्या दारीं जाणाऱ्यानें आधीं पाहुणा व्हावयास शिकलें पाहिजे. पुढ्यांत येईल तें अन्न खावें, चुकीच्या उच्चारांवर लोक हंसले तर आपणही हंसावें, आणि तोंडावर दार लागलें तर मनांत कडवटपणा न ठेवतां पुढच्या दाराकडे वळावें. आपल्या भागालाही या लोकांचा थोडा परिचय झालेला आहे. १८५२ सालीं ह्यू फिंडले नांवाचा त्यांचा प्रचारक मुंबईस आला, आणि पुढें पुण्यासही त्यानें काम केलें. पुढच्याच वर्षीं युटाहून निघालेले आणखी कांहीं प्रचारक जहाजानें कलकत्त्यास उतरले. त्यांच्या हातीं यश फारसें आलें नाहीं, आणि थोड्याच वर्षांत ते परत गेले. नकार ऐकून घेणें हाही त्या विद्येचा एक धडाच आहे, आणि तो कोणत्याही संस्थेंत आधीं शिकवितां येत नाहीं.

मुलाबरोबर घरालाही तयारी करावी लागते. २०१९ पूर्वीं या मुलांना घरच्यांशीं फोनवर बोलण्याची मोकळीक साधारणतः वर्षांतून दोनदां असे, एकदां नाताळांत आणि एकदां मातृदिनीं. एरवीं पत्रें. त्या वर्षापासून आठवड्यांतून एकदां बोलण्यास परवानगी मिळाली. हा नियम बदलला तेव्हां किती मातांनीं सुटकेचा निःश्वास टाकला असेल! निघण्यापूर्वीं वडील मुलाच्या मस्तकावर हात ठेवून त्याला आशीर्वाद देतात, अशी पुष्कळ घरांतून चाल आहे. त्यानंतर पंथाचा अधिकारी विधिपूर्वक त्याला या कामासाठीं नियुक्त करतो. त्या क्षणापासून कालचा पोर 'एल्डर', म्हणजे वडीलधारा, म्हणून ओळखला जाऊं लागतो. आईला मात्र तो सामान नीट भरतां न येणारा आपला मुलगाच दिसत असतो.

आपल्याकडे घरांतून निघतांना 'जातों' असें म्हणत नाहींत. 'येतों' म्हणतात, आणि घरचें माणूस हातावर दही घालतें. त्या तरुणाची व माझी कधीं गांठ पडणार नाहीं. पडली असती तर त्याच्या धर्माविषयीं मी त्याच्याशीं वाद घातला नसता. इतकेंच सांगितलें असतें कीं, बाळ, तूं किती लोकांना आपलेंसें केलेंस याची मोजदाद तुझे वरिष्ठ करतील. तुला किती लोकांनीं आपलेंसें केलें, याचा हिशेब तूं स्वतः ठेव, आणि परत आल्यावर तो प्रथम आईला सांग.