ऋण सोडण्याविषयी

(हीरकमहोत्सवी वर्षात, नाताळच्या सुट्टीत पीण्या औद्योगिक क्षेत्रात झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळा खानापूर तालुक्यात आणि तिचा मेळावा पाचशे किलोमीटरांवर बेंगळूरूत, याचे कोणाला नवल वाटेल. आम्हांला वाटत नाही. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस तुमकूर रस्त्याच्या कडेला ही वसाहत उभी राहिली आणि त्यानंतर आपल्या गावातील दहावीच्या प्रत्येक तुकडीतून चार-दोन मुले रात्रीच्या बसने इकडे येत राहिली. कोणी लेथवर उभा राहिला, कोणी प्रेसवर, कोणी फाउंड्रीत. आज त्यांतील काहींच्या स्वतःच्या शेड आहेत. हजेरीपुस्तकातील नावे मी येथील फाटकांवरच्या पाट्यांवर वाचत आले, तेव्हा ऊर भरून आला हे कबूल करते.

नाताळच्या दिवसांत मेळावा आहे, तर ख्रिस्ताच्या प्रेमाविषयी आणि क्षमेविषयी बोला, असे संयोजकांनी सुचवले. मी वारकरी घरात वाढलेली बाई. परंतु आठवीत आम्हांला मराठी शिकवणाऱ्या बाई ख्रिस्ती होत्या आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची गोडी त्यांनीच लावली. त्यामुळे हा विषय मला परका नाही. तो अवघड मात्र आहे, आणि याच गावात अवघड आहे. त्याचे कारण पुढे सांगते.

आरंभ शाळेपासून करते. मुले भांडतात. तीस वर्षे मी एकच उपाय करीत आले: दोघांना समोर उभे करायचे, ‘सॉरी म्हण’, ‘हात मिळवा’, आणि वर्गात पाठवायचे. एकदा सातवीतल्या एका मुलाने हात पुढे केलाच नाही. मी रागावले. तो म्हणाला, “बाई, त्याने माझी कंपासपेटी अजून दिलेली नाही.” मी निरुत्तर झाले. माझ्या क्षमेच्या शिकवणुकीत कंपासपेटीचा हिशेबच नव्हता. मला फक्त गोंगाट थांबवायचा होता.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तिच्या प्रचलित मराठी भाषांतरात पाप किंवा अपराध असा शब्द न योजता ‘ऋण’ हा शब्द योजला आहे. जे आपले ऋणी आहेत त्यांचे ऋण आपण सोडले, तसे आपलेही सोडले जावे, अशी ती याचना आहे. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कारण वहीत मांडलेले ऋणच सोडता येते. जे मांडलेच नाही, जे झालेच नाही असे म्हणून पुसून टाकले, ते सोडले असे कसे म्हणावे? ‘जाऊ द्या, काही झाले नाही’ हे क्षमेचे वाक्य नव्हे. ‘झाले, एवढे झाले, आणि ते मी वसूल करणार नाही’ हे क्षमेचे वाक्य.

त्याच शुभवर्तमानात त्या दोन कर्जांचा दृष्टांत आहे. एका चाकराला राजा दहा हजार तालांतांचे कर्ज माफ करतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. आपण हा दृष्टांत ऐकतो तेव्हा शंभर दीनारांना क्षुल्लक समजतो. पण दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी! येथे बसलेल्यांपैकी कोणाला ती क्षुल्लक वाटेल? दृष्टांत सांगणाऱ्याने मुद्दामच खरी, बोचणारी रक्कम निवडली असावी, असे मला वाटते.

आता लक्ष्मीबाईंकडे वळते. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मागे राहिली ती सोवळ्याओवळ्यात वाढलेली पत्नी आणि लहान मुलगा. नवरा जिवंत असून घर मोडले. आप्त हळहळत होते आणि बोलतही होते. सुमारे पाच वर्षे ती त्यांच्यापासून दूर राहिली. पुढे अहमदनगरास जाऊन त्यांच्याजवळ राहू लागली तरी प्रथम तिचे सोवळे सुटले नाही. जात देवाने नव्हे, माणसाने केली, हा निर्णय तिने स्वतःच्या विचाराने केला, आणि १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात टिळकांचा संताप, विसराळूपणा, घरात दाणा नसताना दारी आलेल्याला देऊन टाकण्याची वृत्ती, त्यांनी बायकोला दिलेले दुःख, सारे नोंदलेले आहे. एकही रक्कम वहीतून खोडलेली नाही. तरीही वाचताना आपण हसतो, आणि पुस्तक मिटताना टिळकांवर आपलेही प्रेम बसलेले असते. हे तिने कसे साधले, याचा विचार मी अनेक वर्षे करीत आहे. तिने मांडले सगळे आणि मागितले काहीच नाही, एवढेच मला उमगले आहे.

पंडिता रमाबाई तर याच राज्याच्या. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात १८५८ साली त्यांचा जन्म झाला. दुष्काळात आईवडील गेले. पुढे मुंबईत काढलेले शारदा सदन पुण्यास नेल्यावर १८९३ मध्ये त्यांच्यावर धर्मांतराच्या आरोपांची झोड उठली, सल्लागार मंडळ बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. तीनच वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्याच बाई तेथे गेल्या आणि त्याच समाजाच्या अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी छापखानाही चालवला, आणि यंत्रावर स्त्रिया होत्या. (येथील शेडमालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.)

परंतु क्षमेचा गैरवापरही फार होतो. पालकसभेत एक आई मला म्हणाली, “बाई, मुलगी मार खाऊन परत आली आहे. सगळे म्हणतात माफ कर आणि नांदायला जा.” मी तिला सांगितले, मुलीला घरात ठेवा. बळवंताने दुर्बळाकडे मागितलेली क्षमा ही बहुधा दुसरी वसुलीच असते. सिस्टर राणी मारिया या केरळच्या भगिनी मध्य प्रदेशात उदयनगर परिसरातल्या शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. मारेकऱ्याला न्यायालयाने जन्मठेप दिली. त्यांची धाकटी बहीणही धर्मभगिनी. २००२ मध्ये रक्षाबंधनाला तिने तुरुंगात जाऊन त्याच माणसाच्या हाताला राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी यासाठी त्या कुटुंबानेच खटपट केली. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. गुन्हा गुन्हा म्हणून सिद्ध झाला, शिक्षा झाली, आणि मग राखी आली.

माझ्या बाबतीत हा क्रम घडला नाही.

१९९४ साली माझा धाकटा भाऊ या वसाहतीतील एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होता. बावीस वर्षांचा. नऊ माणसांचे वर्कशॉप, म्हणून विम्याचे संरक्षण नाही. माल लवकर निघावा म्हणून प्रेसचा गार्ड काढून ठेवलेला होता. तो काढायला लावणारा फोरमन आपल्याच शाळेचा, भावापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्यानेच भावाला येथे आणले होते. एका संध्याकाळी उजव्या हाताची तीन बोटे गेली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात तेव्हा अशी तरतूद होती, की कामगाराने स्वतः जाणूनबुजून संरक्षक गार्ड काढला असेल तर अशा दुखापतीची भरपाई मालकावर बंधनकारक राहत नसे. फोरमनने लेखी सांगितले, गार्ड मुलानेच काढला होता. अर्ज मी लिहिला होता, नुकतीच बी.एड. झाले होते, कागदावर माझा फार विश्वास होता. शेवटी मालकाने हातावर ठेवलेल्या थोड्या रकमेवर प्रकरण मिटले.

भावाने त्याला क्षमा केली. केव्हा, ते मला ठाऊक नाही. रुग्णालयात तिसऱ्या रात्री तो माणूस पायाशी येऊन उभा राहिला, तेव्हा भाऊ त्याला “दादा, जेवलात का?” असे म्हणाला, हे मी माझ्या कानांनी ऐकले. मला त्या क्षणी भावाचाच संताप आला. पुढे अनेक वर्षांनी कळले, की दोघे जालहळ्ळी क्रॉसजवळ अधूनमधून चहाला भेटतात. “त्याने खोटे लिहिले हे तुला माहीत आहे ना?” मी विचारले. “माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. आम्ही त्यावर बोललो आहोत. त्याची नोकरी जाणार होती, ताई, आणि घरी दोन लेकरे होती.” “आणि तुझी बोटे?” तो म्हणाला, “ती गेलीच ना. आता त्याची मान धरून परत येणार आहेत का?”

२००९ मध्ये आई गेली तेव्हा तो माणूस गावी आला. भावाने त्याला ओसरीवर बसवले. पाणी देण्याची वेळ माझी होती. मी आतून बाहेर आले नाही. पाहुण्याला पाणी न विचारणारी मुलगी आमच्या घरात तोवर झाली नव्हती. भावजयीने तांब्या नेला.

क्षमा केली असे मी आज येथे उभी राहून सांगितले, तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि माझा भाऊ मान खाली घालील. त्याला माहीत आहे. पेत्राने येशूला विचारले होते, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर आले, सातांच्या सत्तर पट. मी हे पूर्वी सात निरनिराळ्या अपराधांविषयी समजत असे. आता वाटते, एकच अपराध तितक्या वेळा सोडावा लागत असावा. सकाळी सोडलेला संध्याकाळी पुन्हा वहीत उभा असतो.

या मेळाव्याच्या निमंत्रितांची यादी मी केली. १९७९ पासूनची हजेरीपुस्तके पाहून, एकेक नाव तपासून. त्या एका तुकडीतले एक नाव मी लिहिले नाही. चुकून राहिले असे नव्हे. यादी पडताळण्यासाठी भावाकडे पाठवली. परत आली तेव्हा शेवटी एक ओळ वाढलेली होती, डावीकडे कललेल्या मोठ्या अक्षरांत. बाविसाव्या वर्षी डाव्या हाताने पुन्हा अ-आ-इ गिरवलेल्या माणसाचे ते अक्षर मी कोठेही ओळखते. मी ती ओळ खोडली नाही. निमंत्रण गेले. एवढेच आजवर माझ्याकडून झाले आहे.

ते गृहस्थ आले आहेत की नाहीत, हे मी व्यासपीठावरून शोधलेले नाही. आले असतील तर त्यांना माझी एक विनंती आहे, आणि तीच येथील प्रत्येक शेडमालकाला आहे. उद्या सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी गार्ड जागेवर आहे ना, ते पाहा. प्रेसला दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागणारी बटणे नसतील तर बसवून घ्या. गावाकडून नवा मुलगा आला तर पहिल्या दिवशी त्याला आधी ते दाखवा, मग माल दाखवा.

बोलणे लांबले. जेवणाची वेळ झाली आहे आणि पाने मांडली आहेत. वाढायला माझा भाऊ उभा आहे. तो डाव्या हाताने वाढतो. आईलाही ते शेवटपर्यंत खटकत असे. तेवढे सांभाळून घ्यावे.