गांडो बावळ आणि बन्नीचे मालधारी
(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



एकाच झाडाची आपल्या देशातील नावे पाहा. हिंदीत विलायती बबूल, तमिळमध्ये सीमै करुवेलम्, मराठीत वेडी बाभूळ आणि कच्छमध्ये गांडो बावळ. भाषांतर करताना एक गोष्ट ध्यानात येते. या नावांचा अर्थ एक तर ‘परके’ असा आहे, नाही तर ‘वेडे’. ज्या कष्टकऱ्यांनी ही नावे ठेवली, त्यांनी आपला निकाल नावातच नोंदवला. सरकारी दप्तरात मात्र हेच झाड ‘वनीकरण’ या भारदस्त शब्दाआड नांदत राहिले.

कच्छच्या मोठ्या रणाच्या दक्षिणेस बन्नी हा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश आहे. १९५५ साली तो ‘संरक्षित वन’ म्हणून घोषित झाला. त्याच्या उत्तरेस १९८६ साली जाहीर झालेले कच्छ वाळवंट अभयारण्य आहे आणि काठावर २००८ पासून संवर्धन राखीव क्षेत्र असलेले छारी-ढंढ आहे. रणाचा खार पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने १९६१ साली अमेरिका खंडातील हे झाड येथे आणले. हेतू वाईट नव्हता. परंतु ज्या मालधाऱ्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या त्या गवतावर जगली, त्यांना कोणी विचारले नाही.

पुढे काय घडले? झाडाच्या गोड शेंगा जनावरे खातात. कठीण बी न पचता शेणाबरोबर बाहेर पडते व रुजते. म्हणजे मालधाऱ्याची गुरेच त्याच्या कुरणाचा नाश पेरीत हिंडतात! नद्यांवरील धरणांमुळे बन्नीत येणारे गोडे पाणी घटले, खार वाढला. खाऱ्या जमिनीत हे झाड तगते, गवत हटते. शेंगा गाईंना बाधतात, म्हणून काँकरेज गाई कमी होत गेल्या व म्हशींवरील भिस्त वाढली. २०१० साली ‘बन्नी’ ही म्हशीची स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. ती जात मालधाऱ्यांनीच जोपासलेली आहे.

येथे एक अंतर्विरोध आहे; तो झाकून चालणार नाही. याच झाडाच्या कोळशावर अनेक गरीब कुटुंबांची चूल पेटते. २००४ साली तोडीला परवानगी मिळाली, कोळशाचा व्यापार फोफावला. २००८ साली पुन्हा बंदी आली. घाम भट्टीवरच्या मजुराचा आणि नफा मात्र व्यापाऱ्याचा, हा बाजाराचा नेहमीचा हिशेब. शिवाय नुसत्या तोडीने झाड मरत नाही. बुंध्यातून ते पुन्हा फुटते. ते मुळासकट उपटावे लागते, मोकळ्या जमिनीवर देशी गवत पेरावे लागते आणि ते धरेपर्यंत चराई आवरावी लागते. हे सामूहिक शिस्तीचे काम आहे. ते ठेकेदाराच्या हातून होणारे नाही.

मग ते कोणी करावे? २००६ साली, डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर केंद्र सरकार उभे असताना, वनहक्क कायदा संमत झाला. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने ग्रामसभेला दिला. तरीही त्यानंतर वनखात्याने बन्नीत कुंपणे घालण्याची योजना आखली. ‘बन्नी को बन्नी रहने दो’ ही मालधाऱ्यांची घोषणा या संघर्षातली आहे. २०२१ साली राष्ट्रीय हरित लवादाने बन्नीतील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि मालधाऱ्यांचा सामूहिक हक्कही मान्य केला. २०२३ साली बन्नीत चित्ता प्रजनन केंद्राला केंद्राची मंजुरी मिळाली. चित्त्याशी आपले वैर नाही. मात्र चित्त्यासाठी कुंपण उभारताना म्हशीच्या चाऱ्याचा विचार कोण करणार, हे आपण विचारलेच पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, झाड कोठे उपटावे व कोठे ठेवावे, हे ग्रामसभा ठरवील. दुसरी, उपटण्याचे काम रोजगार म्हणून स्थानिकांना व कोळसा मजुरांना पुरेशा मजुरीवर मिळावे. तिसरी, लाकूड व कोळसा यांची विक्री सहकारी संस्थांमार्फत व्हावी. चौथी, मोकळे झालेले कुरण सामाईकच राहावे. ते कोणत्याही उद्योगाच्या वा धनिकाच्या घशात जाऊ नये.

मित्रहो, ज्यांनी हे झाड लावले त्यांना गवताची किंमत ठाऊक नव्हती. ज्यांना ती ठाऊक आहे, त्यांच्याच हाती बन्नी सुरक्षित राहील.